सीपॅपची नळी, लागलेला पाऊस आणि चोंदलेले नाक

मलप्रभाकाठचे गुरुजी (जांबोटी परिसर, ता. खानापूर)

नमस्कार. मी गेल्या वर्षी निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक आहे. झोपेत श्वास अडखळण्याच्या, म्हणजे स्लीप अॅप्नियाच्या त्रासासाठी फेब्रुवारीपासून सीपॅप यंत्र, म्हणजे नळी व मास्कवाटे दाबाने हवा नाकात सोडणारे यंत्र, वापरतो. बेळगावात झोपेची तपासणी झाली तेव्हा माझा श्वास तासाला ३४ वेळा थांबतो किंवा मंदावतो असे अहवालात आले, आणि ३० च्या वरचा आकडा तीव्र समजला जातो असे डॉक्टरांनी समजावले. यंत्र लागल्यावर पहिले तीन-चार महिने फार चांगले गेले. दुपारी वर्तमानपत्र वाचताना मान पडायची ती थांबली, सकाळचे डोके दुखणे गेले आणि भिंतीपलीकडे ऐकू जाणारे घोरणेही बंद झाले.

जूनमध्ये आमच्याकडे पाऊस लागला आणि तेव्हापासून गाडी रुळावरून घसरली. पहाटे उठतो तेव्हा नाक पूर्ण चोंदलेले असते, आत आग होते, आणि दोन वेळा शिंकरताना रक्ताची बारीक रेघ दिसली. उजवा डोळा सकाळी लाल असतो व दुपारपर्यंत निवळतो. नाकाच्या दांडीवर मास्क टेकतो तेथील कातडी सोलवटली आहे. भरीस भर म्हणून नळीला एक विचित्र वास येऊ लागला, तेव्हा जंतू झाले असतील या भीतीने मी मास्क आणि नळी जखमेवर लावायच्या जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊ लागलो. त्याने वास गेला नाहीच, शिवाय रात्रभर दवाखान्यात झोपल्यासारखे वाटू लागले.

शेजारपाजारच्या मंडळींचे म्हणणे असे की, हे यंत्र ओली हवा जंतूंसकट फुफ्फुसात ढकलते. सौभाग्यवतींनी तर ते बंदच करा असा हुकूम दिला आणि गेल्या आठवड्यात चार रात्री मी ते बंद ठेवले. घोरणे आणि दुपारची झापड दोन्ही परत आली.

यंत्रामुळे खरोखर संसर्ग होतो का, हवा ओलसर करण्यासाठी यंत्राला असलेल्या पाण्याच्या टाकीत आमच्या विहिरीचे पाणी उकळून घातले तर चालेल का, आणि सकाळी जलनेतीची माझी जुनी सवय आहे ती चालू ठेवावी का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

निवृत्त सिस्टर (टिळकवाडी, बेळगाव)

गुरुजी, नमस्कार. माझी सगळी नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली, आणि माझे यजमान सहा वर्षे हेच यंत्र वापरतात, त्यामुळे या यंत्राशी माझा दोन्ही बाजूंनी संसार झालेला आहे. पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र बंद ठेवू नका. आपला आकडा तीव्र आहे, आणि नाकाच्या तक्रारीवर उपाय आहे.

यंत्र स्वतः जंतू तयार करत नाही. ते आपल्याच खोलीतली हवा फिल्टरमधून ओढून ठरावीक दाबाने नाकात सोडते. या वापराने श्वसनमार्गाचा संसर्ग वाढतो का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत, परंतु नाक चोंदणे, कोरड, आग आणि रक्ताची रेघ या तक्रारी मात्र सर्रास असतात, आणि त्यांचे कारण बहुतेक वेळा जंतू नसून वाहती हवा असते. झोपेत तोंड उघडे राहिले की हवा नाकातून आत शिरते आणि तोंडावाटे बाहेर पळते. एरवी श्वास सोडताना नाक बाहेर जाणाऱ्या हवेतली ओल परत राखून ठेवते. येथे हवा नाकावाटे परत येतच नाही, म्हणून आतले अस्तर सुकते आणि सुकलेले अस्तर सुजते. त्या सुजेलाच आपण सर्दी समजतो. ताप, गालावर किंवा कपाळावर दुखरा ठणका, घट्ट हिरवट-पिवळा शेंबूड, धाप, किंवा दहा दिवस उलटूनही न हटणारी सर्दी यांपैकी काही असेल तर मात्र तो संसर्ग असू शकतो, आणि मग पुढच्या महिन्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

लाल डोळ्याचे कारण बहुधा मास्कच्या वरच्या कडेतून सुटणारी हवा हे असावे. ती रात्रभर डोळ्यावर वाहते आणि डोळा सुकतो. हवा सुटते म्हणून माणूस पट्टे आवळतो, आवळल्याने सिलिकॉनची कड दुमडते व आणखी हवा सुटते, आणि मधल्या मध्ये नाकाची दांडी सोलवटते. आपले दोन्ही त्रास मला या एकाच फेऱ्यातले वाटतात. पट्टे बसून नव्हे, उशीवर आडवे होऊन आणि यंत्र चालू ठेवून बसवावेत, कारण आडवे झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज जावीत इतपतच ताण असावा. डोळा दुखू लागला, चिपडे धरू लागली किंवा अंधूक दिसू लागले तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आता पाण्याविषयी. उकळल्याने जंतू मरतात पण क्षार जात नाहीत, उलट पाणी आटते तसे ते दाट होतात आणि टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतात. औषधाच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात, तेच वापरावे. आरओच्या पाण्यातले क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात, त्यामुळे ते एखाद्या अडलेल्या रात्रीपुरते ठीक आहे. गॅरेजमधले बॅटरीचे पाणी स्वस्त पडते म्हणून काही जण आणतात, पण ते अशा वापरासाठी भरलेले नसते आणि त्याच फळीवर अॅसिडचेही कॅन असतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, तेव्हा रात्रीचे उरलेले पाणी सकाळी ओतून टाकायचे आणि संध्याकाळी ताजे भरायचे. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, तुषार उडत नाहीत, म्हणून पाण्यातले जंतू सहसा वाफेबरोबर वर चढत नाहीत. मात्र भरलेली टाकी तशीच ठेवून यंत्र उचलले आणि ते कलले, तर पाणीच नळीत किंवा मोटारीत शिरते.

जलनेतीबाबत मी अधिक कडक आहे, कारण तेथे पाणी थेट नाकात जाते. नेग्लेरिया नावाचा अमीबा गोड्या पाण्यात असतो. तो पिण्यात गेल्याने बाधत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर जिवावर बेततो, आणि केरळमध्ये २०२४ व २०२५ साली अमीबामुळे मेंदूला संसर्ग झालेले रुग्ण आढळले. असे क्वचितच घडते, परंतु पावसाळ्यात गढूळ झालेल्या विहिरीचे पाणी कच्चे नाकात घेऊ नये. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि मगच नेती करावी. लोटीही त्याच पाण्याने विसळून कोरडी ठेवावी.

जंतुनाशक आजच थांबवा. त्याचा अंश सिलिकॉनला धरून राहतो आणि रात्रभर कातडीला व नाकाला लागतो. ब्लीच आणि स्पिरिटही नको. मास्कची कड रोज कोमट पाण्याने व वास नसलेल्या सौम्य साबणाने, बोटांनीच चोळून धुवावी, कारण तेथे चेहऱ्याचे तेल बसते. नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा धुतले तरी पुरते. टाकी रोज विसळावी, आणि पांढरा थर दिसल्यास एक भाग पांढरा व्हिनेगर व दोन ते तीन भाग पाणी घालून अर्धा तास ठेवावी. तेथे यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे.

आता मला दोन गोष्टी सांगा. सकाळी उठल्यावर तोंड कोरडे असते का? आणि या पावसात आपण नळी वाळवता कोठे?

शहापूरकर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ओझोनची पेटी घ्या. मास्क आणि नळी आत ठेवून बटण दाबले की काम झाले, पाणी नको आणि साबणही नको. मला यंत्र विकणाऱ्या दुकानदारानेच ती सुचवली. शिवाय टाकीत निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकावेत, नाक लगेच मोकळे होते. माझा वर्षभराचा अनुभव आहे.

निपाणीकर

शहापूरकर, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु या दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर सूचना काढून सांगितले होते की, सीपॅप स्वच्छ करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ओझोनच्या किंवा अतिनील किरणांच्या कोणत्याही उपकरणाला त्यांनी परवानगी दिलेली नाही. ओझोन जंतू मारतो तसाच तो श्वासनलिकेलाही झोंबतो, आणि नळीत राहिलेला वायू आपण झोपताना ओढतो. पुढे जून २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली लाखो यंत्रे परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी बसवलेला आतला फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याची भीती होती. ओझोनने स्वच्छता केल्यास ती झीज वाढू शकते, असे तेव्हा सांगण्यात आले.

निलगिरी, कापूर किंवा छातीला चोळायचा बाम यांतले काहीही टाकीत घालू नये. यंत्राची टाकी म्हणजे वाफारा घ्यायचे भांडे नव्हे. तेल प्लास्टिकला खाते आणि त्याची वाफ सहा-सात तास दाबाखाली नाकात जात राहते. याच कारणाने झोपण्यापूर्वी नाकात तूप सोडण्याची घरगुती पद्धतही यंत्र वापरणाऱ्यांनी बंद करावी. रोजच्या रोज नाकात घातलेला स्निग्ध पदार्थ हळूहळू फुफ्फुसात उतरून तेथे एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. कोरड वाटत असेल तर औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचा तयार फवारा मिळतो, तो बरा. नाक मोकळे करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते आणि मग थेंब सुटत नाहीत. हे मी पुस्तकातून सांगत नाही, एक हिवाळाभर भोगले आहे.

गुरुजींच्या प्रश्नात मला फिल्टरचा उल्लेख दिसला नाही, म्हणून माझी गोष्ट सांगतो. आमचे घर तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत आहे. माल हलवण्याच्या दिवसांत परका माणूस गल्लीत शिरला तर चार पावलांत ठसकतो, आम्हाला ते जाणवतही नाही. यंत्र घेतल्यानंतर सहा महिने मी मागचे झाकण उघडून पाहिले नव्हते. एके दिवशी उघडले तर पांढऱ्या फिल्टरचा रंग काथ्यासारखा तपकिरी झालेला, आणि बोटाने टिचकी मारल्यावर वर्तमानपत्रावर चिमूटभर भुकटी पडली. ती मिश्री लावण्याइतकी होती असे आमच्या आई म्हणाल्या, आणि घरात दोन दिवस हशा चालला. पण सहा महिने मी रोज सकाळी कशामुळे शिंकत होतो, ते त्या दिवशी कळले. बारीक पांढरा फिल्टर धुवायचा नसतो, महिन्याभरात किंवा राखाडी दिसू लागला की बदलायचा असतो. काही यंत्रांना स्पंजसारखा जाड फिल्टर असतो तो धुता येतो, मात्र पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये. यंत्र जमिनीवर ठेवू नये, आणि त्याच्या आसपास उदबत्ती व डासांची कॉइल लावू नये.

थोडे अवांतर. १९८१ साली आमच्या निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले होते, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी या यंत्रावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर हवा फेकण्यासाठी वापरली होती, आणि मास्क रोज रात्री रुग्णाच्या नाकावर अक्षरशः चिकटवावा लागे. नाकाच्या दांडीची आपली तक्रार त्यांच्यापुढे किरकोळच म्हणायची.

मलप्रभाकाठचे गुरुजी

सर्वांचे आभार. सिस्टर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. तोंड इतके कोरडे पडते की पहाटे उशाच्या तांब्यातले पाणी प्यावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला खाडकन जागे केले. पाऊस लागल्यापासून आमच्याकडे दोरीवरचा टॉवेलसुद्धा तीन दिवस वाळत नाही. मुलांचे कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळवण्याची घरची जुनी रीत आहे, आणि धुतलेली नळीही जूनपासून तेथेच टांगली जाते. चुलीत यंदा लाकडे ओली आहेत, त्यामुळे धूर भरपूर होतो. आपला प्रश्न वाचून मी नळी नाकाशी धरली. तो विचित्र वास जंतूंचा नव्हता आणि कुबटही नव्हता, तो धुराचा होता. दोन महिने मी रात्रभर चूल हुंगत होतो आणि वर जंतुनाशकाची फोडणी देत होतो.

फिल्टरही काढून पाहिला. तो निपाणीकरांसारखा तपकिरी नाही, पण कडेने काळसर झाला आहे.

निवृत्त सिस्टर (टिळकवाडी, बेळगाव)

गुरुजी, मनाला लावून घेऊ नका. पावसात वाळवायला चुलीइतकी कोरडी जागा घरात दुसरी नसतेच, त्यामुळे हे कोणाच्याही हातून झाले असते. पण धूर नळीच्या आतल्या वळ्यांत बसतो आणि साबणाने पूर्ण निघत नाही. शक्य असेल तर ती नळी टाकून नवी घ्या. जोडाचे तोंड २२ मिलिमीटरचे असेल तर दुसऱ्या बनावटीची नळीही बसते. तापणारी, म्हणजे आत तार असलेली नळी असेल तर मात्र त्याच यंत्राची लागेल.

वाळवण्याची सोपी रीत यंत्रातच आहे. नळी धुतल्यावर दोन्ही टोके धरून अंगणात जोरात झटका, आतले पाणी निघून जाते. मग टाकी रिकामी व कोरडी करून बसवा, नळी जोडा, मास्क लावू नका, आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटे तसेच चालू ठेवा. यंत्राची हवाच नळी आतून वाळवते. त्यानंतर नळी मधोमध खुंटीवर अडकवून दोन्ही टोके खाली सोडा, म्हणजे राहिलेला थेंबही गळून जातो. ऊन पडले तरी उन्हात ठेवू नका, सिलिकॉन आणि प्लास्टिक दोन्ही कडक होतात. नळी रविवारी सकाळीच धुवावी, रात्री धुऊन ओली लावू नये. आमच्याकडे पावसाळ्यापुरत्या दोन नळ्या आलटून पालटून असतात.

कोरड्या तोंडाविषयी डॉक्टरांशी बोला. नाक आधी मोकळे झाले तर तोंड आपोआप मिटते, नाही मिटले तर हनुवटीला आधार देणारा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क असे मार्ग आहेत. दाबाचा आकडा स्वतः बदलू नका.

चिकोडीचा ऊसवाला

गुरुजींचा धूर, निपाणीकरांची तंबाखू, आणि आमच्याकडे राख. गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातली बगॅसची, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडाची, काजळी आणि फडात पेटवलेल्या पाचटाची राख अंगणभर पसरते, पांढरा सदरा दोरीवर ठेवायची सोय राहत नाही. त्या चार-पाच महिन्यांत मी फिल्टर दर पंधरा दिवसांनी बदलतो आणि रात्री फडाच्या बाजूची खिडकी लावून घेतो. बाकीच्या वर्षात महिन्याला एक पुरतो.

थंडीसाठी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पावसाळ्यात नाक सुकले म्हणून गुरुजी यंत्रावरचा ओलीचा आकडा वाढवतील आणि डिसेंबरात फसतील. टाकीतली हवा गरम आणि खोली थंड असली की वाफेचे नळीत पाणी होते, घुरघुर आवाज येतो आणि मध्यरात्री थंड पाण्याची चूळ थेट नाकात येते. मला पहिल्यांदा झाले तेव्हा मी बुडतो आहे असे समजून उठून बसलो होतो. यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीपासून वर, अशा स्टुलावर ठेवावे, म्हणजे झालेले पाणी टाकीकडे परत जाते. नळी पांघरुणाच्या आतून घ्यावी किंवा तिला लोकरीची खोळ शिवावी. आमच्या घरात जुन्या स्वेटरच्या बाह्या त्या कामी आल्या. तरीही पाणी झाले तर ओल एक अंक कमी करावी.

वीज गेल्यावर यंत्र इन्व्हर्टरवर चालते, पण टाकी तापवायलाच विजेचा मोठा वाटा जातो. त्यामुळे आमच्याकडे लाइट गेली की टाकीची उष्णता बंद करतो. मग त्या रात्री नाक कोरडे पडणार हे गृहीत धरून झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा फवारा घेतो.

मास्कबाबत एक राहिले. गुरुजींना मिशी आहे का? नाकावरच्या मास्कची खालची कड मिशीवर कधीच नीट बसत नाही, हवा तेथून सुटते आणि आपण वरचे पट्टे आवळत बसतो. शिवाय तोंडाला खोबरेल लावून मास्क चढवू नये, कड घसरते आणि सिलिकॉन चिकट होऊन लवकर खराब होते. कड पिवळी, कडक किंवा चिकट वाटली की ती बदलायची वेळ झाली असे समजावे.

हुक्केरीची सून

माझ्या सासऱ्यांसाठी नात्यातील एका गृहस्थांचे दोन वर्षे वापरलेले यंत्र मिळत आहे. ते गृहस्थ निवर्तले. मास्कही सोबत देणार आहेत. हे घेण्यात संसर्गाचा धोका आहे का? सासऱ्यांना पेसमेकर आहे, हेही सांगते.

निवृत्त सिस्टर (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, मास्क, नळी, टाकी आणि फिल्टर या चारही गोष्टी नव्या घ्याव्यात, दुसऱ्याच्या वापरू नयेत. मुख्य यंत्र विकणाऱ्यांकडून किंवा कंपनीच्या माणसाकडून उघडून तपासून घ्या, त्याचा क्रमांक परत मागवलेल्या यंत्रांत नाही याची खात्री करा आणि दाब सासऱ्यांच्या स्वतःच्या तपासणीप्रमाणे लावून घ्या. गेलेल्या माणसाचा दाब त्यांना चालणार नाही. पेसमेकर असल्याने एक विशेष सूचना. काही मास्कच्या पट्ट्यांना अडकवण्यासाठी लोहचुंबकाचे चिमटे असतात. तसला मास्क सासऱ्यांना देऊ नका, आणि त्यांच्याशेजारी झोपणाऱ्या कोणाकडे असेल तर तेही हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. साध्या अडकवण्याचे मास्क सहज मिळतात.

मलप्रभाकाठचे गुरुजी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बेळगावला जाऊन नवी नळी, दोन फिल्टर आणि डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणला. जुनी टाकी उजेडात धरली तेव्हा तळाशी पांढरी खपली दिसली. व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवल्यावर ती बोटाने निघाली. विहिरीचे पाणी इतकी वर्षे गोड गोड म्हणून पीत आलो, त्यात एवढे क्षार असतील असे वाटले नव्हते.

डॉक्टरांची तारीख अलीकडे घेतली. त्यांनी नाकात पाहून संसर्ग नसल्याचे सांगितले, अस्तर सुकून सुजले आहे म्हणाले आणि काही आठवड्यांसाठी नाकाचा फवारा लिहून दिला. नाकाची दांडी बरी होईपर्यंत त्यांनी नाकपुड्यांना टेकणारा लहान मास्क वापरायला दिला आहे, तो दांडीला लागतच नाही. रक्त पुन्हा दिसले नाही. डोळा पहिल्या आठवड्यातच निवळला. सकाळी थोडे चोंदलेले असते, पण नेतीनंतर मोकळे होते, आणि नेतीचे पाणी आता सौभाग्यवती स्वतः उकळून झाकून ठेवतात. यंत्र बंद करा म्हणणारे माणूस आता टाकी ओतली का म्हणून रोज सकाळी विचारते.

नळी माजघरात, फोटोशेजारच्या खुंटीवर असते. पाहुणे विचारतात, तेव्हा सांगावे लागते.

ऊसवाले, मिशी होती. नोकरीला लागलो तेव्हापासूनची. कात्रीने ओठाच्या वरपर्यंत आणली आहे, पूर्ण काढण्याचा धीर झाला नाही. मास्क मात्र त्या रात्रीपासून बसला, आणि सकाळी नातवाने दारातूनच हाक मारून आजोबा कोठे गेले असे मलाच विचारले.